तिकिटावर साडेचार तास, मग विमानात दहा तास कसे?

प्रश्न : ताई, जानेवारीत मुलाकडे लंडनला चाललेय, पहिल्यांदाच. तिकिटावर मुंबईहून दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 5.30 ला पोचतं असं लिहिलंय, म्हणजे साडेचार तास. एप्रिलमध्ये परत येताना मात्र रात्री 9 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 10.30, म्हणजे साडेतेरा तास! अंतर तर तेच ना? मला शुगरच्या गोळ्या आहेत, त्यांचा हिशोब कसा लावू? – एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची, सगळा घोळ तिथेच होतो. जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथे 5.30 वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे 11 वाजलेले असतात, तर 1 ते 11 झाले दहा तास. येताना एप्रिलमध्ये फरक साडेचार तासांचा असतो (का ते शेवटी सांगते), तो धरून असंच मोजलंत की नऊ निघतात.

आता हा एक तास कुठे गेला, तर तो वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. अंतर सरळ धरलं तर साधारण 7200 किलोमीटर. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा मुंबईवर धरून लंडनपर्यंत ताणून बघा, तो कराचीजवळून, कॅस्पियन समुद्रावरून, युक्रेनवरून जातो. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना वाट बंद केली, त्यामुळे आपली विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालून जातात. म्हणून मी म्हणते किलोमीटर बघूच नका, तिकिटावर प्रवासाचे एकूण तास वेगळे छापलेले असतात, तेवढेच बघा.

गोळ्यांचं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या आईला नेलं तेव्हा तिने मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवलं होतं, खिडकीबाहेर ऊन दिसत होतं तरी घड्याळात आठ वाजले की ती जेवून गोळी घ्यायची, काही गोंधळ झाला नाही. तुम्हीही तसंच करा, पण तिथे उतरल्यावर लंडनच्या वेळेवर कसं यायचं ते निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच. गोळ्या हातातल्या पर्समध्ये, चिठ्ठीसकट, मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नका.

आणि हो, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणून एप्रिलमध्ये परतताना फरक साडेचार तासांचाच धरा.