अमेरिकेत एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) जाण्यापूर्वी ‘कॅली’ (CALI) या अमेरिकी संस्थेचे संगणकावरील संवादात्मक धडे करावेत का? भारतात एलएलबी झालेल्याला ते उपयोगी पडतात का?

उपयोगी पडतात, परंतु सर्वच विषयांत सारखे नव्हे. कॅली ही हार्वर्ड आणि मिनेसोटा या विद्यापीठांच्या विधी महाविद्यालयांनी 1982 मध्ये उभारलेली ना-नफा संस्था असून, तिचे धडे प्रामुख्याने कायद्याचे प्राध्यापक आणि विधी-ग्रंथपाल लिहितात. धड्यात एखादी वस्तुस्थिती देऊन प्रश्न विचारला जातो आणि निवडलेले उत्तर का बरोबर अथवा का चूक, हे तिथल्या तिथे समजावले जाते. खरे शिक्षण या स्पष्टीकरणातच आहे, त्यामुळे उत्तर बरोबर आले तरी ते वाचावे.

माझ्या मते सुरुवात दिवाणी प्रक्रियेपासून करावी. संघराज्य (फेडरल) न्यायालयाने राज्याचा कायदा केव्हा लावायचा, हा 1938 च्या ‘ईरी’ खटल्यातून आलेला प्रश्न आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत उद्भवतच नाही, म्हणून तो अमेरिकेत गेल्यावर सर्वांत परका वाटतो. करार कायदा ओळखीचा वाटेल, आणि धोका नेमका तिथेच आहे: भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 2(ड) नुसार वचनदात्याच्या इच्छेवरून पूर्वी केलेली कृतीही प्रतिफल (वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला) ठरू शकते, तर अमेरिकेत गतकालीन प्रतिफल सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जात नाही. अपकृत्य कायद्याचे (टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याला पोहोचवलेल्या हानीच्या भरपाईचा कायदा) धडे मात्र आपल्याकडे शिकलेल्याला सोपे जातील.

बहुतेक अमेरिकी विधी महाविद्यालये कॅलीची सदस्य असल्याने प्रवेशानंतर ग्रंथालयाकडून धडे वापरण्यासाठीचा संकेतांक मिळतो. तो लवकर मिळेल का, हे प्रवेश निश्चित होताच विचारावे.