काटा हलला म्हणून हुरळू नकोस

सिंटिलोमीटरचा, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा चढला की युरेनियम सापडलंच, असं धरू नकोस. ग्रॅनाइटमधलं थोरियम आणि पोटॅशियमही तो चढवतात. स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या यंत्राने, तिन्ही वेगळे कर. गंमत म्हणजे तोही थेट युरेनियम मोजत नाही, मोजतो त्याचा वंशज, म्हणजे त्याच्या किरणोत्सारी ऱ्हासातून तयार होणारं बिस्मथ-214. पाण्याने युरेनियम धुऊन नेलं तरी वंशज मागे राहतात. मी असा एकदा चांगलाच फसलोय! म्हणून गाभ्याचं, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्याचं, रासायनिक पृथक्करण हवंच. मातीचा जाड थर असेल तर गॅमा किरण वर पोचत नाहीत, तिथे युरेनियमपासूनच बनणारा रेडॉन वायू तपास.

बोअर झालं की गॅमा लॉगिंग, म्हणजे भोकात यंत्र सोडून खोलीनुसार गॅमाची नोंद घेणं, लगेच उरक, भोक ढासळायच्या आत. पेटीत गाभा लावताना खोदाईच्या प्रत्येक फेरीची खोली ठोकळ्यावर तिथल्या तिथे लिही. गाभ्याचा तुकडा हरवला असेल, तर नंतर लॉगशी जुळवताना तेवढाच आधार असतो.