रक्त परंड्यात तपासा, रिपोर्ट पुण्याला दाखवा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी फुरसुंगीत खोली करून राहतो, हडपसरच्या कंपनीत कंत्राटावर आहे. धाकटा भाऊ परंडा तालुक्यात (जि. धाराशिव) आईवडिलांजवळ असतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. दोन औषधं झाली, गुण नाही. पुण्यातल्या सरकारी रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, आता क्लोझापिन सुरू करू, पण दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल. उपचार फुकट आहेत, पण वडील त्याला रात्रीच्या एसटीने आणतात, तो गाडीत घाबरतो, माझा खाडा पडतो. महिन्याला एकदा कसंबसं जमतं. आठवड्याला कसं जमणार? वडील म्हणतात, राहू दे ते औषध. भावाला इकडेच खोलीवर आणून ठेवू का?

उत्तर : खोलीवर आणू नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुम्ही शिफ्टला गेलात की तो दिवसभर पत्र्याखाली एकटा. तिकडे आई आहे आणि त्याला नावानं हाक मारणारं गाव आहे.

आणि वडिलांना सांगा, औषधही सोडायचं नाही. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस घेऊनही गुण येत नसेल, तर क्लोझापिनइतकं भरवशाचं दुसरं औषध मानसोपचारात नाही. माझी सगळी नोकरी सरकारी ओपीडीत सामाजिक कार्यकर्ती म्हणून गेली. तिथे मी हे सारखं पाहायचे : ज्यांना हे औषध लागू पडलं असतं, त्यातले लांबून येणारे तपासणीचं ऐकूनच ‘नको’ म्हणायचे. कोथरूडचा रुग्ण मात्र ‘हो’ म्हणायचा. आजार तोच, गोळी तीच, खिडकीवर दोघांनाही फुकट. मधल्या दोनशे किलोमीटरचे पैसे तेवढे कोणी धरत नाही.

आता कामाचं. हे औषध काही थोड्या लोकांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या कमी करतं, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला तपासणी आणि पुढे ती लांबवत नेतात. तपासणी म्हणजे साधी सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजणी. त्यातला न्यूट्रोफिलचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आकडा डॉक्टरांना हवा असतो. त्यासाठी भावाने पुण्याला यायचं कारणच नाही. रक्त परंड्याच्या सरकारी दवाखान्यात द्यायचं आणि रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. रिपोर्ट कोणाला, कोणत्या नंबरवर पाठवायचा हे पहिली गोळी घेण्याआधी कागदावर लिहून घ्या. ‘बघू’ म्हटलं तर उठू नका. ओपीडीत उठायची घाई करणाऱ्याचं काम राहतं.

डोस हळूहळू चढवावा लागतो आणि सुरुवातीला बीपी, नाडी पाहावी लागते, म्हणून तेवढे दिवस भरती करून घेता येईल का, हे विचारा. गावी गेल्यावर ताप आला, घसा दुखला तर वाट न पाहता त्याच दिवशी सीबीसी. पोट साफ होत नसेल तर तेही सांगायचं, लाजायचं नाही. आणि गोळ्या सलग दोन दिवसांहून जास्त चुकल्या, तर आपल्या मनाने जुन्या डोसवर जायचं नाही. डॉक्टर पुन्हा खालून सुरू करतात. त्यामुळे गोळ्या संपायच्या आत पुढच्या हातात हव्यात.

इथेच धाराशिवची गरज लागते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, त्याचं पथक जिल्हा रुग्णालयात बसतं. वडिलांनी एकदा तिथे जाऊन विचारावं : क्लोझापिन मिळतं का, पथक परंड्याला कधी येतं? सोबत पुण्याच्या डॉक्टरांकडून सारांश न्या : निदान, आधीची औषधं, त्यांचे डोस, ती का बंद केली. नुसता केसपेपर नेलात तर तिकडचे डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतील, आणि त्यांचंही चुकत नाही.

‘इथे नाही, पुण्याला जा’ असं उत्तर आलं, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १८ असं लिहा. उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असावी, आणि ती नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा खर्च सरकारने करावा, असं त्यात स्पष्ट आहे. अर्ज दिला की दुसऱ्या दिवशी गोळ्या येतील असं मी म्हणणार नाही. पण तोंडी तक्रारीची नोंद कुठेच होत नाही.

मधल्या काळात वडिलांना रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी कोथरूडला राहते. वडिलांना विसरभोळेपणा आणि संशय आहे. येरवड्याला दाखवावं म्हणतात, पण तिथे निम्मी गर्दी बाहेरच्या जिल्ह्यांची. त्यांना त्यांच्याकडे सोय नाही का?

उत्तर : पुरेशी नाही, म्हणूनच येतात. वर्षानुवर्षं राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही, खानदेशात नाही. चारही मिळून मंजूर खाटा ५,६९५, त्यातल्या २,५४० एकट्या येरवड्यात. त्या सगळ्या राज्याच्या पैशावर चालतात, पुणे महापालिकेच्या नव्हे. रांगेतला परंड्याचा माणूस तुमच्या आधी आला असेल, तर तो आदल्या रात्री निघालेला असतो.

तुमच्या वडिलांना येरवड्याची गरज बहुधा नाहीच. औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये मानसोपचार विभागात दाखवा. औंध तुम्हाला सोपं पडेल. जाताना सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घ्या, बीपी-शुगरच्याही. आणि संशय कधीपासून, दिवसा जास्त की संध्याकाळी, हे घरी चिठ्ठीवर लिहून न्या. त्यांच्यासमोर ते बोलायला तुम्हाला जड जाईल.