मोबाइलचा कॅमेरा पारखायचा कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालचा गूगल पिक्सेल ३ आहे, १२ मेगापिक्सेलचा. आता घरात वीस हजारांचा, १०८ मेगापिक्सेलचा नवा फोन आलाय. दिवसा दोन्हींत फारसा फरक नाही, पण संध्याकाळी घरात काढलेले फोटो जुन्याचेच सरस येतात. नवा फोन सदोष आहे का? (एक वाचक, सांगली)

सदोष नसावा. आधी १०८ या आकड्याचं बघू. हा फोन नेहमीच्या मोडमध्ये नऊ-नऊ बारीक पिक्सेल एकत्र करून एक पिक्सेल बनवतो आणि १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. म्हणजे तुमची तुलना मुळात १२ विरुद्ध १२ अशीच चालली आहे.

गंमत अशी, की सेन्सरच्या, म्हणजे भिंगामागे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारात नवा फोन हरत नाही. पिक्सेल ३चा एक पिक्सेल १.४ मायक्रॉनचा, म्हणून त्याचा सेन्सर सुमारे ५.६ × ४.२ मिलिमीटरचा भरतो. या किमतीतल्या १०८ मेगापिक्सेलच्या फोनांत बऱ्याचदा ०.६४ मायक्रॉनचे पिक्सेल असतात. तो सेन्सर ७.७ × ५.८ मिलिमीटरच्या आसपास जातो. क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून जास्त. तरीही हार का? पहिला संशयित ओआयएस, म्हणजे हाताच्या थरथरीच्या उलट दिशेला भिंग हलवणारी यंत्रणा. पिक्सेल ३मध्ये ती आहे, स्वस्त फोनांत अनेकदा नसते. ती असली की शटर १/१० सेकंदापर्यंत उघडं ठेवता येतं. नसली की फोन १/३०च्या आसपास थांबतो आणि प्रकाशाची तूट आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवून भरून काढतो. त्यातून रवाळपणा येतो, तो पुसायला सॉफ्टवेअर बोळा फिरवतं आणि केस, दाढी, साडीची जर सगळं मेणासारखं गुळगुळीत होतं. दुसरं कारण, एका क्लिकमध्ये अनेक अंधूक फ्रेम घेऊन त्या जुळवण्याची गूगलची पद्धत चांगलीच मुरलेली आहे.

खात्री करून घ्या. दोन्ही फोनांतून एकाच खोलीत, एकाच वेळी फोटो काढा, गूगल फोटोजमध्ये उघडा आणि वर सरकवून तपशील पाहा. जुन्यात १/१५ सेकंद आणि आयएसओ ४००, नव्यात १/३० आणि १६०० असं काही दिसलं, तर निदान झालं. मग नव्या फोनमध्ये नाइट मोड लावा आणि कोपर टेबलावर टेकवा. बराच फरक पडेल. १०८चा मोड संध्याकाळी वापरूच नका. भर उन्हात, फोटोचा तुकडा कापून मोठा करायचा असेल, तेवढ्यापुरता तो कामाचा.

जाता जाता : खोक्यावर ‘ईआयएस’ लिहिलं असेल तर ते वेगळं. ते सॉफ्टवेअर व्हिडिओच्या कडा कापून थरथर लपवतं, स्थिर फोटोला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : दोन फोनांची तुलना घरी नीट कशी करावी? दुकानात सगळेच फोटो छान दिसतात. (पुणे)

दुकानात तुम्ही फोटो पाहत नसता, पडदा पाहत असता. नव्या फोनांत तर फोटोचे उजळ भाग पडद्यावर जादा प्रखर दाखवण्याची सोय असते. तोच फोटो जुन्या फोनवर नेला की फिका पडतो. म्हणून पहिला नियम : दोन्ही फोटो एकाच पडद्यावर पाहायचे, शक्यतो लॅपटॉपवर. फाइल केबलने घ्या.

तयारी थोडी लागते. चष्मा पुसायच्या कापडाने दोन्ही भिंगं पुसा. अर्धे ‘धुरकट’ फोटो बोटांच्या तेलाचे असतात आणि त्यावर सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही. ब्यूटी, फिल्टर आणि ‘एआय सीन’ बंद करा. १ एक्सवरच राहा, म्हणजे झूम करू नका. फोन स्टुलावर टेकवा, ३ सेकंदांचा टायमर लावा, दर प्रसंगी पाच-पाच फोटो घ्या. एकेका फोटोवरून निकाल लावला तर फोकसची एखादी चूक कॅमेऱ्याच्या माथी बसते.

पहिला प्रसंग वर्तमानपत्राचा. भिंतीवर एक पान मधोमध आणि एक चौकटीच्या कोपऱ्यात चिकटवा, मीटरभरावरून फोटो घ्या. बारीक मजकुरातले अनुस्वार आणि रफार पाहा. टिंब वेगळं दिसतंय की शिरोरेषेत विरघळलंय? मधलं पान स्वच्छ आणि कोपऱ्यातलं विरलेलं असेल, तर भिंग कमकुवत. दोन्ही पानं सारखीच पुसट असतील, तर दोष फोकसचा किंवा नॉइज रिडक्शनचा (रवाळपणा पुसणाऱ्या सॉफ्टवेअरचा). अक्षरांभोवती पांढरी किनार दिसली तर शार्पनिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअरने कडा ठळक करण्याचा, अतिरेक. छोट्या पडद्यावर ही किनार ‘क्लिअर’ वाटते, म्हणूनच कंपन्या ती वाढवतात.

दुसरा प्रसंग समईचा, आणि आमच्या मते सगळ्यांत कठोर. खोलीतले दिवे मालवा, समई लावा, शेजारी माणूस बसवा. ज्योतीचा आकार राहतो की नुसता पांढरा गोळा होतो? चेहऱ्याचा अंधारातला गाल काळा पडतो की रवाळ? सावळा रंग सावळाच राहतो की उगाच उजळ होतो? हा शेवटचा दोष अंधारात जास्त उघडा पडतो. भिंगाच्या आतल्या परावर्तनामुळे ज्योतीच्या समोरच्या बाजूला हिरवट ठिपका येतो. तो महागड्या फोनांतही येतो, त्यावरून फोन नापास करू नका.

तिसरा प्रसंग पंख्याचा. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये पंखा एकवर ठेवा आणि दोन्ही फोनांतून फोटो घ्या. पात्याची फरफट जितकी लांब, तितकं शटर जास्त वेळ उघडं. समईत जिंकलेला फोन इथे हरू शकतो : लांब शटरने स्थिर वस्तू सुरेख येते आणि पळणारं मूल पुसट होतं. घरात लहान मूल असेल तर आम्ही पंख्याच्या निकालाला जास्त गुण देऊ. फोटोवर आडवे काळे पट्टे आले तर घाबरू नका. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये (जिथे शटर आपण ठरवतो) शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात.

लॅपटॉपवर पाहताना एक चूक हमखास होते. एका फोनचा फोटो ५० मेगापिक्सेलचा, दुसऱ्याचा १२चा, आणि दोन्ही १०० टक्के मोठे करून पाहिले जातात. मोठा फोटो तिथे वाईटच दिसणार. दोन्ही ४००० × ३००० पिक्सेलवर आणा आणि मग शेजारी-शेजारी ठेवा. छपाईसाठीही एवढा आकार पुष्कळ आहे : ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १३ × १० इंचांचा कागद भरतो.

शटर दाबण्यातला उशीर तपासायचा असेल, तर दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच चालू करून त्याचा फोटो घ्या. बरोबर ५.०० ला दाबा आणि फोटोत काय उमटलं ते पाहा. दहा वेळा केलं की बोटाची चूक सरासरीत विरून जाते.

प्रश्न : १०० एक्स झूम खरंच असतो का? (नाशिक)

झूम असतो, भिंग तेवढं नसतं. सॅमसंगच्या एस२३ अल्ट्रात १० एक्सचं भिंग होतं. २०२४च्या एस२४ अल्ट्रात ते काढून ५ एक्सचं, ५० मेगापिक्सेलचं दिलं. खोक्यावरचं ‘१०० एक्स’ मात्र दोन्हीकडे तसंच. भिंगाच्या ताकदीपलीकडचं सगळं काम कातरकाम आणि सॉफ्टवेअरचा अंदाज. म्हणून दूरच्या एसटीची पाटी मोठी करून पाहा : अक्षरं कधी कधी ठळक येतात, पण ती कुठल्याच लिपीतली नसतात. चंद्राचंही तेच. २०२३मध्ये यावरून गदारोळ झाल्यावर, चंद्र ओळखून त्यावर तपशील वाढवला जातो असं सॅमसंगनेच स्पष्ट केलं.

एक सोपी परीक्षा दुकानातही करता येते. ३ एक्स किंवा ५ एक्स निवडा आणि मागच्या भिंगांवर एकेक करून बोट ठेवा. टेली (दूरचं जवळ दाखवणारं) भिंग झाकल्यावरही पडद्यावरचं चित्र तसंच राहिलं, तर फोन मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा दाखवतोय. अंधारात आणि अगदी जवळच्या वस्तूला बहुतेक फोन हे गुपचूप करतात, म्हणून परीक्षा उजेडात आणि दूरच्या वस्तूवर घ्या.

प्रश्न : ‘एक इंची सेन्सर’ खरंच इंचभर असतो? (कोल्हापूर)

नाही. तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो, कर्ण सुमारे १६ मिलिमीटर. हे मोजमाप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. तरी फोनसाठी तो मोठाच. २०२२च्या शाओमी १२एस अल्ट्रात तो होता. त्याची एक अडचण मात्र असते. मोठ्या सेन्सरला जवळचा फोकस जमत नाही, म्हणून ताटातल्या पदार्थाचा फोटो घेताना फोन आपोआप अल्ट्रावाइड (०.५ एक्सच्या) कॅमेऱ्यावर उडी मारतो. हातभर मागे जा आणि २ एक्सवर घ्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेले फोटो पाहून मैत्रिणीचा फोन चांगला ठरवला तर? (ठाणे)

चुकेल. तिथे फोटो लहान आणि दाबून पाठवला जातो, तपशीलही उडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

प्रश्न : दोन-तीन वर्षं वापरलेला आयफोन आहे, दुचाकीच्या हँडलवर लावून नकाशा बघतो. आता १ एक्सवर चित्र थरथरतं, ०.५ वर ठीक दिसतं. (रत्नागिरी)

ओआयएस बिघडल्याचं हे ठळक लक्षण आहे. इंजिनाची कंपनं हँडलमधून थेट फोनला बसतात. मोठ्या मोटरसायकलींच्या कंपनांनी ओआयएस आणि ऑटोफोकस बिघडू शकतात असा इशारा ॲपलनेच २०२१मध्ये दिला होता. ०.५चा कॅमेरा ठीक दिसतो, कारण बहुतेक आयफोनमध्ये त्या भिंगाला ओआयएस नसतं. फोन टेबलावर ठेवून १ एक्स उघडा : निश्चल फोनमध्येही चित्र हलत असेल किंवा बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर सेटिंग, रीसेट, अपडेट यांत वेळ घालवू नका. कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागेल. त्याआधी चुंबकाचं कव्हर असेल तर काढून एकदा पाहा, कारण चुंबकही ओआयएसच्या कामात अडथळा आणतं. आणि नवं मॉड्यूल बसवल्यावर फोन खिशात ठेवा. हँडलवर लावायचाच असेल तर कंपनं शोषणारा होल्डर घ्या.