पहिला कॅमेरा घेताय? झूमचा आकडा बाजूला ठेवा

साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं फुलायच्या आत कॅमेरा हवाय म्हणताय, तर आधी सेन्सर (लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप) बघा. नवखा माणूस मेगापिक्सेल आणि झूमच्या आकड्यांना भुलतो. मीही भुललो होतो.

स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात, बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढाही नाही. 'एक इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ (नाव इंचाचं, पण माप कुठूनही इंचभर नाही, जुन्या व्हिडिओ ट्यूबांपासून चालत आलेली गंमत). क्षेत्रफळ चौपट. भर उन्हात साताऱ्याच्या राजवाड्यासमोर फरक फारसा कळणार नाही, पण ठोसेघरच्या धुक्यात किंवा दिवेलागणीला लहान सेन्सरच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात.

मग मोठाच घ्यायचा? थांबा जरा.

- पक्षी टिपायचेत? लहान सेन्सर बरा. त्याला लेन्सही लहान पुरते, म्हणून ३० पट झूमही खिशात मावतो.
- कासची बरीच फुलं इवलीशी. अगदी जवळून काढताना लहान सेन्सरवर फूल बऱ्यापैकी स्पष्ट येतं. मोठ्यावर एक पाकळी लख्ख, बाकी धूसर होऊ शकतं.
- डिजिटल झूम पहिल्याच दिवशी बंद करा. तो झूम नव्हे, फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणारी नुसती कातरी.

रॉ (सेन्सरकडून आलेली कच्ची फाइल) वगैरे सहा महिन्यांनी बघू. आधी कुणाचा तरी कॅमेरा मागून संध्याकाळी अजिंक्यतारा किल्ल्यावर जा, दिवे लागल्यावर गावाचा फोटो काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. खरेदी त्यानंतर.