आरएसआय म्हणतो विका, एमएसीडी म्हणतो घ्या, ऐकायचं कुणाचं?

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. वर्षभरापासून पगारातले थोडे थोडे पैसे क्रिप्टोत घालतोय. रात्री अकराच्या सुमारास घरी आलो की चार्ट उघडतो. आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक, बोलिंजर बँड असे सहा इंडिकेटर, म्हणजे भावाचा कल सांगणारी गणितं, लावलेत. एक म्हणतो घ्या, दुसरा म्हणतो विका. यातले ठेवू कोणते? टेलिग्रामवर एक ग्रुप महिन्याची फी घेऊन सिग्नल देतो, तो लावावा का?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : तुम्ही हिशेबातले आहात, तेव्हा आकड्यांनीच बोलू.

हे सहाही इंडिकेटर भावातूनच काढलेले असतात. आरएसआय आणि स्टोकॅस्टिक तर जवळपास एकच गोष्ट सांगतात : अलीकडे भाव किती जोरात हलला. दोघांनी ‘घ्या’ म्हटलं म्हणून दोन पुरावे होत नाहीत, एकच पुरावा दोनदा मोजला जातो.

आरएसआय एकदा हातानं काढून बघा, मग त्याची भीती जाईल आणि नको तेवढा विश्वासही. वेल्स वायल्डर यांनी तो १९७८ साली मांडला, शेअर आणि कमोडिटीच्या बाजारासाठी. समजा गेल्या १४ दिवसांत चढलेल्या दिवसांची सरासरी ६०० रुपये आली आणि पडलेल्या दिवसांची २०० (दोन्ही वेळा भागायचं १४ नंच). ६०० भागिले २०० म्हणजे ३. त्यात १ मिळवला की ४. १०० ला ४ नं भागून आले २५, ते १०० मधून वजा केले की आरएसआय ७५. इतकंच. चढ ही उताराच्या तिप्पट होती, एवढंच ७५ सांगतो. उद्या भाव पडेल असं त्यात कुठंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये बिटकॉइननं पहिल्यांदा २०,००० डॉलर ओलांडले, तेव्हा रोजच्या चार्टवर आरएसआय ७० च्या वर गेला होता. ७० च्या वर म्हणजे ‘ओव्हरबॉट’, भाव फार चढला, असं समजून ज्यांनी विकलं, त्यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ४०,००० चा भाव बाहेर उभं राहून बघितला.

मी तुमच्या जागी असते तर दोनच गोष्टी ठेवल्या असत्या. पहिली, २०० दिवसांची सरासरी. आपल्या बाजार समितीत कांद्याचा एका दिवसाचा भाव आवक जास्त आली की कोसळतो, गाड्या कमी आल्या की उसळतो. म्हणून जुना अडत्या आजच्या भावावर हंगाम ठरवत नाही, मागच्या कित्येक दिवसांचा सरासरी भाव त्याच्या डोक्यात असतो. तेच काम ही रेघ करते. भाव तिच्या खाली असेल तर नवी खरेदी करायची नाही. ती उशिरा बोलते, हा तिचा दोष आहे आणि तो मान्य करूनच ती वापरायची. शेअर बाजार शनिवार-रविवार बंद असतो, क्रिप्टो नाही. म्हणून इथले २०० दिवस साडेसहा महिनेच भरतात.

दुसरी गोष्ट एटीआर, तीही वायल्डर यांचीच. भाव दिवसाला सरासरी किती हेलकावतो ते ती सांगते. नाणं १,००० रुपयांचं आणि एटीआर ६० असेल, तर स्टॉप-लॉस (भाव इथवर पडला की विकून बाहेर पडायचं) एटीआरच्या दुप्पट, म्हणजे १२० रुपये खाली. एका सौद्यात ६०० रुपयेच घालवायची तयारी असेल तर घ्यायची पाच नाणी, ५,००० रुपयांची. किती घ्यायचं हे आधी ठरलं की कधी घ्यायचं याची घाई आपोआप कमी होते.

आता तुमच्या रात्री अकराचं. बहुतेक चार्टवर क्रिप्टोची रोजची कँडल (एका दिवसाचा भाव दाखवणारी पट्टी) जागतिक वेळेच्या मध्यरात्री बंद होते, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. रात्री तुम्ही बघता ती अर्धवट कँडल. अकराला आलेला सिग्नल साडेपाचपर्यंत पुसला गेलेला असू शकतो. कामावर निघण्याआधी सकाळी बघा, रात्री झोपा.

आणि चार्टवर न दिसणारा आकडा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा दहा सौदे केलेत. पाचांत प्रत्येकी ५,००० मिळाले, पाचांत प्रत्येकी ४,००० गेले. हाती राहिले ५,००० असं वाटेल. पण कर लागतो २५,००० वर : ७,५०० आणि सेस ३००. म्हणजे २,८०० रुपये खिशातून गेले. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. तो रिटर्न भरल्यावर जमेला धरतात, पण तोवर पैसे अडकतात. नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात जूनपासून तरुण मुलं स्टेटमेंट घेऊन येतात, तेव्हा हा हिशेब त्यांना पहिल्यांदा दिसतो, आणि मला फार वाईट वाटतं. इंडिकेटर जितके जास्त, तितके सौदे जास्त, आणि तितका हा खड्डा खोल.

टेलिग्रामचा ग्रुप लावू नका. उलाढाल कमी असलेल्या छोट्या नाण्यात ग्रुप चालवणारा आधी घेऊन ठेवू शकतो, आणि ‘घ्या’चा संदेश गेला की तुमच्या खरेदीवर स्वतः बाहेर पडू शकतो. अशा नाण्यात मोजक्या लोकांनी भाव हलवलेला असतो, तिथं आरएसआयही त्यांचाच हिशेब दाखवतो. फी आधीच भरली असेल तर पुढचा महिना भरू नका, आणि येत्या रविवारी वर्षभराचं स्टेटमेंट काढून नफ्याचे आणि तोट्याचे सौदे दोन वेगळ्या रकान्यांत मांडा.