मुलाखतीची तयारी पूर्ण असते, पण समोर बसल्यावर त त प प होतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीची माहिती वाचून झाली, चाळीसेक प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढली, आणि तरी मागच्या दोन्ही मुलाखतींत तोंड कोरडं पडलं, हात थरथरले, पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. आता तिसरी पंधरा दिवसांवर आहे. हे वाचताना मला एक गोष्ट खटकली. तुमची सगळी तयारी डोळ्यांनी आणि हाताने झाली आहे. तोंडाने काहीच झालेली दिसत नाही.

माझंही असंच होतं. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीसाठी 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर मी कवितेसारखं पाठ केलं होतं. तिसऱ्याच वाक्याला समोरच्या बाईंनी मध्ये विचारलं, "हे काम किती दिवस केलंत?" मी "आठ महिने" म्हणाले, आणि पुढची ओळ काही केल्या आठवेना. मग काय, पुन्हा नावापासून सुरुवात केली! त्यांना हसू आवरेना, मला घाम. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही.

आधी धडधडीबद्दल बोलते, कारण तुम्हाला तिची लाज वाटतेय असं दिसतं. जर्मनीतल्या ट्रीअर विद्यापीठातल्या संशोधकांना प्रयोगशाळेत माणसावर हमखास ताण आणायची पद्धत हवी होती. १९९३ साली त्यांनी ती मांडली, आणि त्यासाठी निवडलं काय, तर नोकरीची मुलाखत! थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग अनोळखी पॅनेलपुढे पाच मिनिटं 'या जागेसाठी मीच का' यावर बोलायला लावायचं. त्यानंतर पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पॅनेलने हसायचं नाही, मान डोलवायची नाही. नाडीचा वेग आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बहुतेकांचं वाढतंच, म्हणून ही चाचणी अजूनही वापरात आहे. तेव्हा तुमचे हात थरथरले तर तुम्ही भित्रे आहात असं काही नाही, शरीर नीट काम करतंय एवढंच. ॲड्रेनलिन वाढलं की हृदय जोरात पळतं, लाळ कमी होते, तळव्यांना घाम येतो. समोर वाघ आहे की तीन माणसं आणि एक टेबल, एवढा फरक शरीर करत बसत नाही.

म्हणून "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावणं मी सोडून दिलं. पळत्या घोड्याला बस म्हटल्यासारखं आहे ते. ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. गाणं म्हणण्याआधी किंवा भाषण करण्याआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. भीती आणि उत्साह यांत धडधड सारखीच असते, नाव तेवढं बदलायचं. मला आधी हा बाष्कळपणा वाटला होता. करून पाहिलं, थोडा फरक पडला. थोडाच, पण पडला.

त्याहून जास्त कामाची गोष्ट मला टेबलाच्या पलीकडे बसल्यावर कळली. गेली काही वर्षं मी आमच्या विभागासाठी उमेदवार निवडते. आत काय वादळ चाललंय ते बाहेर फारसं दिसत नाही हो. "फार घाबरले होते" असं नंतर सांगणाऱ्या मुलीबद्दल माझ्या कागदावर 'सुरुवातीला आवाज हळू' एवढीच नोंद होती. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली भाषणांबाबत हेच तपासलं. आपली घाबरगुंडी वाटते तेवढी लोकांना दिसत नाही, हे ज्यांना आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणंच चांगली झाली. (आत्मविश्वास यावा म्हणून कमरेवर हात ठेवून आरशापुढे दोन मिनिटं उभं राहायचा सल्ला मिळाला असेल, तर तो सोडून द्या. त्या मूळ प्रयोगाच्या एका लेखिकेनेच २०१६ मध्ये त्यावरचा विश्वास काढून घेतला.)

आता पंधरा दिवसांत काय करायचं. चाळीस उत्तरांची वही मिटून ठेवा. नोकरीची जाहिरात समोर घ्या आणि तिच्यातल्या प्रत्येक अपेक्षेपुढे तुमच्या कामातला एक खरा प्रसंग लिहा. सहा-सात प्रसंग पुरतात. उलटसुलट करून बहुतेक प्रश्नांना तेच लागू पडतात. प्रत्येकासाठी कागदावर चारच शब्द. उदाहरणार्थ माझा एक होता: 'साठा, तफावत, परतीचा माल, नोंदवही.' म्हणजे गोदामातला साठा आणि संगणकातला आकडा जुळत नव्हता. मी तीन दिवस पावत्या चाळल्या, ग्राहकांकडून परत आलेला माल दोनदा जमा धरला जातोय हे सापडलं, आणि परतीसाठी वेगळी नोंदवही सुरू केली. पूर्वी हेच मी "आम्ही साठ्याच्या अडचणी सोडवल्या" अशा एका वाक्यात उरकायचे. नम्रपणा म्हणून आपण 'आम्ही' म्हणतो, पण ऐकणाऱ्याला तुम्ही नेमकं काय केलंत ते कळत नाही. तुमचा वाटा 'मी' म्हणून सांगा, बाकीच्यांचं श्रेय त्यांना द्या.

मग मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि प्रसंग दीड-दोन मिनिटांत मोठ्याने सांगा. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षा आहे, मान्य. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दर दुसरं वाक्य 'म्हणजे'ने सुरू होत होतं, आणि मुद्दा यायला एक मिनिट लागत होतं. पुन्हा सांगताना शब्द वेगळे आले तर येऊ द्या, उलट यायलाच हवेत. शब्द पाठ असले की एक कडी निखळली तरी साखळी तुटते. प्रसंग डोक्यात असला की कुठूनही परत येता येतं.

तीन-चार दिवसांनी कुणाला तरी समोर बसवा आणि सांगा, चेहरा कोरा ठेव, मध्येच तोड, "मग त्यात विशेष काय?" असं विचार. जवळच्या मित्राने फक्त "छान, छान" म्हटलं तर तो वेळ वाया गेला. हे अवघडलेपण घरी चार वेळा अनुभवलं की तिथे ते नवं राहत नाही.

कपडे, कागद, रस्ता किंवा व्हिडिओची लिंक हे आदल्या दिवशी उरका. थांबायच्या खोलीत वही वाचू नका. त्याऐवजी श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवा: चार आकडे घेताना, सहा-सात सोडताना. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, म्हणून हे चालतं. पाणी मागून घ्या. कोरड्या तोंडावर उपाय होतो आणि विचाराला दोन सेकंद मिळतात.

आणि तरीही डोकं रिकामं झालं तर? "जरा विचार करून सांगते" म्हणा आणि खरंच विचार करा. पाच सेकंदांची शांतता तुम्हाला युगासारखी वाटेल, पलीकडचा माणूस तेवढ्यात नोंदी लिहीत असतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. उत्तर येत नसेल तर जिथपर्यंत येतं तिथपर्यंत सांगा आणि पुढचं कसं शोधाल ते सांगा. थापा मारणारा उमेदवार दुसऱ्या उपप्रश्नाला उघडा पडतो, हे मी खात्रीने सांगते.

धडधड थांबवायला कुणी 'माझी गोळी घे' म्हटलं तर घेऊ नका. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या दमा असलेल्यांना धोक्याच्या ठरतात. भीतीमुळे तुम्ही मुलाखतींना जाणंच टाळत असाल किंवा कित्येक आठवडे झोप उडाली असेल, तर मात्र डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

बाहेर पडल्यावर घरी फोन करायच्या आधी दहा मिनिटं कुठेतरी बसा आणि विचारलेले प्रश्न आठवतील तसे लिहून काढा. कुठे अडलात तेही लिहा. माझ्याकडे अशी एक फाटकी वही आहे. तिच्यातले तीन-चार प्रश्न आता मी स्वतःच उमेदवारांना विचारते.